शूटिंग रेंजची सुरक्षा तपासणी: गोळी जिथे थांबते तिथून सुरुवात

शूटिंग रेंजच्या तपासणीला गेलेला अधिकारी बहुधा कार्यालयात बसून परवाने चाळतो, शस्त्रांच्या नोंदी पाहतो, भिंतीवरचा नियमांचा फलक वाचतो आणि मग फायरिंग लाइनवर, म्हणजे नेमबाज जिथून गोळी झाडतात त्या रेषेवर, उभे राहून समोर नजर टाकतो. ही कामे करायलाच हवीत. पण रेंज सुरक्षित आहे की नाही, हे त्यांतून ठरत नाही. ते ठरते एकाच प्रश्नाच्या उत्तरावर: चूक करणाऱ्या माणसाच्या हातून सुटलेली गोळी शेवटी कुठे जाऊन थांबते? कसलेल्या नेमबाजाची गोळी लक्ष्य भेदून मागच्या बांधात रुतेलच. नवशिक्याचे बोट चापावर वेळेआधी पडले, रायफल खांद्याला लावतानाच गोळी सुटली, किंवा बंदूक भरून झाल्यावर कुणी मागे वळले, तर त्या क्षणासाठी रेंज बांधलेली असते आणि तपासणीही त्याच क्षणासाठी करायची असते.

पुढील मार्गदर्शन तपासणीची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांसाठी आहे, आणि स्वतःची रेंज तपासणीला सामोरी जाण्याआधी नीट पाहून घेऊ इच्छिणाऱ्या क्लबच्या पदाधिकाऱ्यांसाठीही आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असल्याने परवान्याची कलमे आपापल्या कायद्यातच पाहावीत. गोळी, शिसे, आवाज आणि माणसाची चूक मात्र सगळीकडे सारखीच वागतात.

तपासणी केव्हा करावी

अधिकृत तपासणीचे चार प्रसंग मानावेत. रेंज पहिल्यांदा सुरू होण्यापूर्वी, ठरावीक मुदतीने, रेंजच्या रचनेत किंवा वापरात बदल झाल्यावर, आणि अपघात घडल्यावर किंवा थोडक्यात टळल्यावर. जर्मनीच्या शस्त्रविषयक नियमावलीत पहिल्या वापरापूर्वीची तपासणी सक्तीची आहे. त्यानंतरच्या दोन तपासण्यांमध्ये चार वर्षांहून अधिक अंतर चालत नाही, आणि केवळ परवान्याशिवाय बाळगता येणारी शस्त्रे वापरली जात असतील, तर ही मुदत सहा वर्षांपर्यंत वाढते. मुदतीच्या तपासणीचा हा एक चांगला नमुना आहे. तरीही चारपैकी तिसरा प्रसंगच सर्वाधिक निसटतो, असे माझे मत आहे. रेंज जुनीच असते, भिंती त्याच असतात, पण पॉइंट २२ (०.२२ इंच व्यासाच्या गोळीच्या) रायफलसाठी मंजूर झालेल्या जागेत कुणीतरी मोठ्या कॅलिबरचा, म्हणजे जाड गोळीचा, सराव सुरू करतो, किंवा उभ्याने नेमबाजी होत असे तिथे पालथे पडून नेमबाजी सुरू होते. वीटही हललेली नसल्यामुळे कुणाला हा बदल वाटतच नाही. प्रत्यक्षात गोळीची ऊर्जा आणि तिचा कोन दोन्ही बदललेले असतात आणि जुन्या मंजुरीचा आधार संपलेला असतो.

पहिली पायरी: मंजुरीची मर्यादा वाचणे

कागदपत्रांत सर्वांत आधी मंजुरीपत्र मागवावे आणि त्यातील चार गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात: कोणती शस्त्रे आणि काडतुसे, कमाल किती ऊर्जेपर्यंत, किती अंतरावरून, आणि कोणत्या स्थितीतून. पुढे रेंजवर जे दिसेल ते या चार ओळींशी ताडून पाहायचे आहे.

ही मर्यादा एवढी महत्त्वाची का, हे काही आकड्यांवरून कळते. स्पर्धेच्या एअर रायफलची ऊर्जा साधारण ७.५ ज्यूलच्या आसपास असते. पॉइंट २२ लाँग रायफल काडतुसाची ती दीडशे ज्यूलच्या घरात जाते. ७.६२ मिमीच्या लष्करी रायफल काडतुसाची ऊर्जा तीन हजार ज्यूलहूनही जास्त असते. पॉइंट २२ ला पुष्कळ जण खेळातली गोळी समजतात, पण योग्य कोनात सुटलेली हीच गोळी सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मोठ्या रायफलची गोळी चार किलोमीटरच्या आसपास पोहोचते. म्हणजे ५० मीटरच्या रेंजचे धोक्याचे क्षेत्र ५० मीटरचे नसते. बांध, भिंती आणि छताखालच्या आडव्या ढाली, म्हणजेच बॅफल, यांनी अडवले नाही, तर ते कुंपणापलीकडे दूरवर पसरते.

मंजुरीपत्रासोबत रेंजचा आराखडा, मागील तपासणीचा अहवाल, त्यातील त्रुटी दूर केल्याचा पुरावा, विम्याची कागदपत्रे, नेमबाजीवर देखरेख करणाऱ्या रेंज ऑफिसरांची यादी व त्यांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी, दैनंदिन वापराची वही आणि घटनांची नोंदवही मागवावी. घटनांची वही कोरी असेल, तर ते शुभलक्षण मानू नये. वर्षानुवर्षे शेकडो माणसे जिथे गोळ्या झाडतात, तिथे एकदाही काडतूस अडकले नाही किंवा एकदाही कुणाच्या बंदुकीचे तोंड बाजूला वळले नाही, हे संभवत नाही. कोऱ्या वहीचा अर्थ एवढाच की घटना लिहिल्या जात नाहीत, आणि न लिहिलेल्या घटनेतून कुणी काही शिकत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. एखाद्या रेंजवर मोठी स्पर्धा झाली, तिथे पंचांनी अंतरे मोजली, लक्ष्यांची उंची पाहिली, म्हणून ती रेंज सुरक्षित ठरत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत १० मीटरच्या अंतरासाठी ०.०५ मीटर आणि ५० मीटरसाठी ०.२० मीटर इतकीच तफावत मान्य आहे. ही काटेकोर मोजणी स्पर्धा सर्वांसाठी सारखी असावी म्हणून असते. रेंजची सुरक्षा मुख्यतः स्थानिक परिस्थितीवर अवलंबून असते आणि तिची जबाबदारी आयोजकांची आहे, हेही तेच नियम स्पष्टपणे सांगतात. पंचांच्या पाहणीला सुरक्षा प्रमाणपत्राचा दर्जा देऊ नये.

दुसरी पायरी: कुंपणाबाहेरून फेरी

खुल्या रेंजची पाहणी बाहेरून सुरू करावी. बांधाच्या मागच्या बाजूला जावे आणि तिथे काय आहे ते स्वतः पाहावे. आराखडा मंजूर झाला तेव्हा मागे ओसाड जमीन असेल. आता तिथे पायवाट पडलेली असू शकते, घरे उभी राहिलेली असू शकतात, मुले खेळत असू शकतात. रेंज बदलली नाही, पण तिच्या भोवतीचे जग बदलले, आणि धोक्याचे क्षेत्र दोन्हींतून मिळून ठरते. कुंपण तुटलेले आहे का, इशाऱ्याचे फलक माणूस ज्या वाटेने येईल त्या वाटेवर आणि तिथल्या लोकांना कळणाऱ्या भाषेत आहेत का, नेमबाजी सुरू असताना लाल झेंडा किंवा दिवा लावला जातो का आणि तो लांबून दिसतो का, हे पाहावे. आत चढून येण्याजोग्या जागा नकाशावर खुणेने दाखवाव्यात.

ट्रॅप व स्कीट, म्हणजे हवेत उडणाऱ्या लक्ष्यांवर छर्रे झाडण्याचे खेळ, यांसारख्या छर्ऱ्यांच्या रेंजचा हिशोब वेगळा असतो. तिथे बांध नसतो; छर्रे मोकळ्या जमिनीवर पडतात. जर्मन सुरक्षा नियमांतून आलेला एक साधा हिशोब तपासनीसाने पाठ करून ठेवावा: छर्ऱ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा आणि त्याला शंभराने गुणावे, येणारा आकडा म्हणजे छर्रा जास्तीत जास्त किती मीटर जाऊ शकतो याचा अंदाज. २.४ मिमीच्या छर्ऱ्यासाठी तो २४० मीटर येतो. हे अंतर प्रत्येक स्टेशनवरून, म्हणजे नेमबाजाच्या उभे राहण्याच्या जागेवरून, लक्ष्य उडण्याच्या सर्व दिशांना पंख्यासारखे पसरून नकाशावर काढावे. रस्ता, पाणवठा किंवा शेत त्या पंख्यात येत असेल, तर काडतुसाच्या छर्ऱ्याचा आकार मर्यादित करणे किंवा स्टेशनची दिशा फिरवणे याशिवाय मार्ग नाही.

तिसरी पायरी: बट आणि त्याचा पृष्ठभाग

लक्ष्यामागचा मातीचा बांध, ज्याला रेंजवर सर्रास बट म्हणतात, तो तपासणीचा गाभा आहे. त्यावर चढून, बसून, हाताने माती उकरून पाहायला हवे. दुरून हिरवागार आणि उंच दिसणारा बांध जवळ गेल्यावर निराळाच निघू शकतो.

उंची प्रथम मोजावी, आणि तीही बांधाच्या सर्वांत खचलेल्या जागी. पावसाने माथा धुपतो, माणसे ये-जा करून त्यावर वाट पाडतात आणि वर्षानुवर्षांत तो कित्येक सेंटीमीटर खाली येतो. मंजूर आराखड्यातील उंचीशी ही उंची ताडून पाहावी. त्यानंतर समोरच्या उताराचा कोन पाहावा. उतार जितका सपाट, तितकी गोळी त्यावरून उसळून वर जाण्याची शक्यता जास्त. पाणी, दगड, घट्ट बसलेली माती आणि गोठलेली जमीन यांवरूनही कमी कोनात आदळलेली गोळी उसळते, म्हणून फायरिंग लाइन आणि बट यांच्यामधल्या जमिनीवर साचलेली डबकी, उघडे खडक आणि सिमेंटचे पट्टे दिसले तर तेही अहवालात लिहावेत.

बटचा वरचा थर दगडविरहित माती किंवा वाळूचा असला पाहिजे. फावड्याने दोन-तीन ठिकाणी उकरावे. गोळ्यांच्या माऱ्याने माती उडत जाते आणि आतले दगड उघडे पडतात. दगडावर आदळलेल्या गोळीचे तुकडे मागे परत येतात.

सर्वांत धोकादायक आणि सर्वांत सहज नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे लक्ष्याच्या थेट मागे तयार होणारा खड्डा. लक्ष्य नेहमी एकाच जागी टांगले जाते, म्हणून गोळ्याही एकाच जागी बसतात. तिथे माती पोकळ होत जाते आणि शिशाचा साठा जमतो. पुढची गोळी मग मातीऐवजी आधीच्या गोळ्यांच्या शिशावर आदळते, तिचे तुकडे होतात आणि ते अनपेक्षित दिशांना उडतात. ज्या लेनवर, म्हणजे एका नेमबाजासाठी आखलेल्या पट्ट्यात, सराव जास्त, त्या लेनचा खड्डा सर्वांत खोल. प्रत्येक लेनच्या मागे हात घालून खड्ड्याची खोली मोजावी, ती लेननुसार नोंदवावी, आणि किती वापरानंतर माती चाळून शिसे काढले जाते व खड्डा पुन्हा भरला जातो, याची लेखी पद्धत रेंजकडून मागवावी. लक्ष्यांच्या जागा ठरावीक काळाने सरकवल्याने हे झिजणे बरेच कमी होते. ही सूचना अहवालात द्यायला काहीच हरकत नाही.

काढलेले शिसे कुठे जाते, हेही इथेच विचारावे. आम्लधर्मी मातीत शिसे अधिक विरघळते आणि पाण्यासोबत खाली झिरपते. म्हणूनच अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शनात मातीचा सामू (पीएच) ६.५ ते ८.५ दरम्यान ठेवणे आणि गरज पडल्यास चुना मिसळणे सुचवले आहे. बटच्या पायथ्याशी पावसाचे पाणी कुठे वाहून जाते, ते पाण्याच्या वाटेने चालत जाऊन पाहावे.

पोलादी लक्ष्ये वापरली जात असतील, तर प्रत्येक पत्र्यावरून हात फिरवावा. खड्डे किंवा वाटीसारखे खोलगट भाग पडलेला पत्रा तत्काळ बाजूला काढायला सांगावा, कारण त्या वाटीत आदळलेले तुकडे नेमबाजाच्या दिशेनेच परत येतात. पत्रा किंचित पुढे झुकलेला असावा, म्हणजे तुकडे जमिनीकडे जातील. पोलादी गाभा असलेल्या गोळ्या अशा लक्ष्यांवर वापरल्या जात नाहीत ना, हे तपासायला खिशात एक लोहचुंबक ठेवावे.

चौथी पायरी: प्रत्येक फायरिंग पॉइंटवरून डोळ्याने

आता फायरिंग लाइनवर यावे. इथे उभे राहून समोर पाहणे पुरेसे नाही. ज्या ज्या स्थितीतून तिथे नेमबाजीची मंजुरी आहे, त्या प्रत्येक स्थितीत प्रत्येक पॉइंटवर स्वतः जावे: उभे राहावे, गुडघ्यावर बसावे आणि चटईवर पालथे पडावे. कपडे मळतील, पण त्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही.

जिथे मागे मोकळी सुरक्षित जमीन नाही आणि संरक्षण पूर्णपणे बॅफलवर अवलंबून आहे, तिथे कसोटी सोपी व कठोर आहे: कोणत्याही पॉइंटवरून, कोणत्याही मंजूर स्थितीत, बॅफलच्या फटींतून आकाश दिसता कामा नये. जिथून आकाश दिसते, तिथून गोळी बाहेर जाऊ शकते. उभ्या माणसाला न दिसणारी फट पालथ्या माणसाला दिसते, कारण खालून पाहणाऱ्याची नजर अधिक वर चढते. अनेकदा मधल्या पॉइंटवरून सगळे झाकलेले असते आणि अगदी टोकाच्या पॉइंटवरून, तिरपे पाहिल्यावर, बाजूची भिंत व शेवटचा बॅफल यांच्यामध्ये आकाशाची एक पट्टी दिसते. अशा प्रत्येक जागेचे छायाचित्र नेमबाजाच्या डोळ्याच्या उंचीवरून काढावे आणि पॉइंटचा क्रमांक त्यावर लिहावा.

बॅफल कशाचा बनला आहे, हे आराखड्यात लिहिलेले असते. ते प्रत्यक्षात तसेच आहे का, हे पाहावे. लाकडी आवरण ओले होऊन कुजते. आतील खडी किंवा वाळू खाली बसते आणि वरचा भाग रिकामा राहतो, जे बाहेरून कळत नाही. हातोडीने ठोकून आवाजातला फरक ऐकावा. बॅफलवर गोळ्यांच्या खुणा असतील, तर त्या मोजाव्यात. त्या खुणा म्हणजे त्या रेंजचा खरा इतिहास आहे: कोणत्या लेनवर, किती उंचीवर, किती चुका होतात, हे नोंदवहीपेक्षा लाकूड जास्त प्रामाणिकपणे सांगते. छताच्या खालच्या बाजूला आणि फायरिंग लाइनजवळच्या जमिनीवर खुणा दिसल्या, तर शस्त्र भरण्याच्या व हाताळण्याच्या पद्धतीतच दोष आहे असे समजावे आणि पुढच्या पायरीत त्याचा शोध घ्यावा.

पाचवी पायरी: बंदिस्त रेंजमधील आग आणि भिंती

बंदिस्त रेंजमध्ये भिंती, छत आणि गोळ्या अडवणारा बुलेट ट्रॅप यांची तपासणी वरच्याच तत्त्वांनी करावी. पण तिथे एक वेगळा धोका असतो, आणि तो गोळीचा नाही. प्रत्येक काडतुसातील दारू पूर्ण जळत नाही. न जळलेले बारीक कण फायरिंग लाइनच्या पुढच्या काही मीटर पट्ट्यात जमिनीवर, भिंतींच्या सांध्यांत आणि आवाज शोषणाऱ्या स्पंजमध्ये साचत जातात. महिनोन्महिने साचलेला हा थर एका ठिणगीने क्षणात भडकतो, आणि बंद जागेत त्यातून बाहेर पडायला वेळ मिळत नाही. म्हणून फायरिंग लाइनच्या पुढे गालिचा किंवा सच्छिद्र आवरण असेल, तर त्यावर शेरा लिहावाच. भिंतीचा स्पंज एका कोपऱ्यात उचकटून मागे काय जमले आहे ते पाहावे. स्वच्छता किती दिवसांनी, कशाने आणि कोण करतो, हे विचारावे. कोरड्या झाडूने झाडणे दोन कारणांनी वर्ज्य आहे, कारण त्याने दारूचे कणही उडतात आणि शिशाची धूळही. स्फोटक धुळीसाठी बनवलेला आणि अतिसूक्ष्म धूळ अडवणारा हेपा फिल्टर असलेला व्हॅक्यूम किंवा ओल्या पद्धतीची सफाई हीच योग्य. घरगुती व्हॅक्यूम वापरला जात असल्याचे कळले, तर तो तत्काळ थांबवावा, कारण त्याच्या मोटारीतील ठिणगीच आगीचे कारण ठरू शकते.

रबरी तुकड्यांच्या बुलेट ट्रॅपमध्ये ट्रेसर (जळत, प्रकाशाची रेघ सोडत जाणाऱ्या) गोळ्या वापरण्यास बंदी असल्याचा फलक आहे का, बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे आहेत का आणि दारे बाहेरच्या बाजूला उघडतात का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

सहावी पायरी: हवा आणि शिसे

गोळी झाडल्यावर प्राइमरमधील, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या टोपीतील, लेड स्टिफ्नेट हे शिशाचे संयुग आणि गोळीच्या शिशाचा अंश धूर होऊन हवेत येतो. नेमबाज थोडा वेळ येऊन जातो. रेंज ऑफिसर आणि प्रशिक्षक मात्र तिथे दिवसभर उभे असतात. त्यांच्यासाठी ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि मला वाटते तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, कारण शिशाच्या विषबाधेचा आवाज होत नाही.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत हवेतील शिशाची आठ तासांची सरासरी मर्यादा प्रति घनमीटर ५० मायक्रोग्रॅम आहे आणि ३० मायक्रोग्रॅमला पोहोचताच उपाययोजना सुरू करावी लागते. तेथील व्यावसायिक आरोग्य संस्था बंदिस्त रेंजसाठी फायरिंग लाइनवर सेकंदाला सुमारे ०.३८ मीटर वेगाचा हवेचा प्रवाह सुचवते आणि तो ०.२५ मीटरखाली जाऊ देऊ नये असे सांगते. हवा नेमबाजाच्या मागून येऊन लक्ष्याकडे जायला हवी. आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर ओढली जाणारी हवा साधारण दहा टक्क्यांनी जास्त असावी, म्हणजे शिशाची हवा स्वागतकक्षात झिरपणार नाही.

मोजणी अशी करावी. हवेचा वेग मोजणारे यंत्र प्रत्येक लेनवर तीन उंचींना धरावे: उभ्या, बसलेल्या आणि पालथ्या नेमबाजाच्या नाकाच्या पातळीवर. त्यानंतर धुराची नळी घेऊन धूर सोडावा आणि तो सरळ पुढे जातो की वळून मागे येतो ते पाहावे. ही चाचणी रिकाम्या लेनवर करून थांबू नये. माणूस उभा राहिला की त्याच्या पुढ्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि धूर तोंडाकडे परत येऊ शकतो, म्हणून लेनवर माणसे उभी करून पुन्हा चाचणी घ्यावी. फिल्टरवरील दाब दाखवणारे मापक चालू आहे का आणि फिल्टर बदलल्याच्या तारखा लिहिलेल्या आहेत का, हेही पाहावे. बाहेर टाकलेली हवा आत घेण्याच्या जाळीपासून पुरेशा अंतरावर सोडली जाते ना, हे छतावर जाऊन पाहिल्याशिवाय लिहू नये.

कर्मचाऱ्यांची रक्तातील शिशाची तपासणी होते का, फायरिंग लाइनजवळ खाणेपिणे बंद आहे का, हात धुण्यासाठी साबण व पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवरच आहे का आणि कामाचे कपडे व बूट वेगळे ठेवले जातात का, हे विचारावे. घरी गेलेल्या बुटांवरची धूळ लहान मुलांपर्यंत पोहोचते, म्हणून हा मुद्दा अहवालात किरकोळ म्हणून टाकू नये.

आवाजाविषयी थोडक्यात. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या शिखरमर्यादेला बहुधा ओलांडतोच. त्याहून मोठा एकच आवाजही कानाचे कायमचे नुकसान करू शकतो. बंदिस्त रेंजमध्ये तो भिंतींवरून परतून येतो, म्हणून तिथे कानात बोळे आणि वरून इअर मफ अशी दुहेरी काळजी हवी. प्रेक्षकांच्या बाकांपाशी उभे राहून मोजणी घ्यावी आणि तिथल्या लोकांना कानाचे संरक्षण दिले जाते का हे पाहावे. डोळ्यांचा चष्मा फायरिंग लाइनवरील सर्वांना, ऑफिसरांसह.

सातवी पायरी: प्रत्यक्ष नेमबाजी पाहणे

रिकाम्या रेंजची तपासणी ही अर्धी तपासणी. शक्यतो नेहमीच्या गर्दीच्या वेळी, निदान एक पूर्ण सराव मागे उभे राहून पाहावा, आणि त्या दरम्यान बोलू नये.

हुकूम कोण देतो आणि तो शेवटच्या पॉइंटवर, कानात मफ घातलेल्या माणसाला ऐकू येतो का, हे आधी पाहावे. ‘थांबा’ हा हुकूम फक्त रेंज ऑफिसरने द्यायचा असतो, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. धोका दिसताच तो कुणीही द्यायचा असतो, आणि हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितले जाते का, हे एखाद्या नव्या नेमबाजालाच विचारावे. लक्ष्याकडे कुणी पुढे जाण्यापूर्वी सर्व शस्त्रे रिकामी करून, त्यांत भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालून, खाली ठेवली जातात का. माणसे पुढे असताना कुणी शस्त्राला हात लावतो का. शस्त्र पेटीतून फायरिंग पॉइंटवरच काढले जाते की मागे बाकावर, हे सगळे पाहावे. काडतूस न उडाल्यास नेमबाज काय करतो ते तर खास पाहावे. बंदुकीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबायला हवे, कारण उशिरा पेट घेणारे काडतूस असू शकते. गोंधळलेला नवशिका नेमक्या त्याच वेळी बंदूक वळवून मदतीसाठी मागे पाहतो. त्याच्यापाशी ऑफिसर किती सेकंदांत पोहोचतो, हे घड्याळात मोजावे; एका ऑफिसरकडे किती लेन असाव्यात, या प्रश्नाचे उत्तर त्या सेकंदांत मिळते.

आपत्कालीन तयारीची चाचणी कागदावर घेऊ नये. रेंज ऑफिसरला सांगावे, “तिसऱ्या लेनवर माणसाच्या मांडीला गोळी लागली आहे.” मग तो काय करतो ते पाहावे: नेमबाजी थांबवतो का, शस्त्रे रिकामी करवतो का, रक्त थांबवणारा टुर्निके किती वेळात हातात येतो, रुग्णवाहिकेला जागेचा नेमका पत्ता सांगता येतो का, आणि फाटकावर कुणी उभे राहते का. प्रथमोपचाराची पेटी कुलूपबंद आणि किल्ली घरी गेलेल्या माणसाकडे, हे चित्र दिसले तर ते गंभीर त्रुटी म्हणून नोंदवावे.

आठवी पायरी: अहवाल आणि फेरतपासणी

अहवालातील त्रुटी तीन गटांत मांडाव्यात. ज्यांमुळे गोळी रेंजबाहेर जाऊ शकते किंवा माणसाला तत्काळ इजा होऊ शकते, त्या पहिल्या गटात येतात; अशा वेळी ती लेन किंवा संपूर्ण रेंज त्याच क्षणी बंद करण्याचा लेखी आदेश द्यावा आणि तो जागेवरच हाती द्यावा. दुसऱ्या गटात ठरावीक तारखेपर्यंत दुरुस्त करायच्या त्रुटी, तिसऱ्यात सूचना. प्रत्येक त्रुटीपुढे जागा, मोजमाप, छायाचित्र, कोणत्या नियमाशी विसंगती आहे आणि दुरुस्त झाल्याचे कसे ओळखायचे, हे लिहावे. “बट सुधारावा” असे मोघम लिहिलेल्या शेऱ्याने काही होत नाही. “चौथ्या लेनच्या मागे ४० सेंटीमीटर खोल खड्डा आहे, शिसे काढून दगडविरहित मातीने भरावा व उतार मूळ कोनात आणावा” असे लिहिले तर कामगारालाही कळते.

कधी संपूर्ण लेन बंद करण्याऐवजी फक्त तिचा काही वापर थांबवणे पुरते, हेही लक्षात ठेवावे. टोकाच्या पॉइंटवरून पालथ्या स्थितीत आकाश दिसत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत त्या पॉइंटवर पालथी नेमबाजी बंद ठेवता येते. नेमकी बंदी घालणारा तपासनीस क्लबचा विश्वास मिळवतो, आणि विश्वास असला की पुढच्या वेळी घटनांची वही कोरी राहत नाही.

फेरतपासणी छायाचित्रे मागवून उरकू नये. दुरुस्त केलेला बॅफल फायरिंग लाइनवर उभे राहून पाहिला, तर तो नेहमीच ठीक दिसेल. ज्या पॉइंटवर, ज्या स्थितीत पहिल्यांदा आकाश दिसले होते, त्याच पॉइंटवर, त्याच चटईवर पुन्हा पालथे पडावे, पहिले छायाचित्र शेजारी धरावे, त्याच उंचीवरून दुसरे काढावे आणि मगच बंदी उठवण्याच्या आदेशावर सही करावी.